कासव, बिबट्या की उंबर? गावाची कळीची जात ठरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातल्या तुमच्या गावाने लोकजैवविविधता नोंदवही नव्याने लिहायला घेतली आहे. गावातली ‘कीस्टोन’, म्हणजे कळीची जात कोणती, तेही त्यात यावं असं समितीत ठरलं आणि नावं आली तीन. होमस्टेवाल्यांनी कासव सुचवलं, बागायतदारांनी बिबट्या आणि मच्छीमारांनी कांदळवन. यातलं बरोबर कोणतं, आणि एक जात गेली म्हणून खरंच सगळा डोलारा कोसळतो का?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. तिन्ही महत्त्वाची आहेत, पण कळीची जात म्हणून तिघांपैकी एकाचंही नाव मी पहिलं लिहिणार नाही. मी उंबर लिहीन. त्याखाली, गावाला खाडी असेल तर, चिखलातले नखाएवढे खेकडे. सभेत हशा पिकेल याची कल्पना आहे. खाड्या आणि किनाऱ्यालगतची रानं पाहत बरीच वर्षं गेली, तेव्हा त्या हशाची आता सवय आहे.

गल्लत होते ती ‘महत्त्वाची’ आणि ‘कळीची’ या दोन गोष्टींत. एखादी जात भरपूर असेल आणि तिच्यावर पुष्कळ जीव अवलंबून असतील, तर ती काढल्यावर फरक पडणारच. कळीची जात वेगळी. ती संख्येने किंवा वजनाने थोडकी असते, आणि त्या मानाने तिचा परिणाम फार मोठा असतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मुकॉ बे या खडकाळ किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून केलेल्या प्रयोगातून ही कल्पना आली. त्यांनी खडकाच्या एका पट्ट्यावरचे सगळे तारामासे पहारीने उचकटून समुद्रात भिरकावले, आणि पुन्हा आले की पुन्हा काढले. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे तिथे शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, खात. खाणारा गेल्यावर शिनाण्यांनी खडक व्यापत नेला आणि बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. आधी त्या पट्ट्यावर १५ जाती होत्या, त्या ८ वर आल्या. ते निष्कर्ष १९६६ मध्ये छापून आले आणि ‘कीस्टोन’ हा शब्द त्यांनी १९६९ मध्ये वापरला.

गोष्टीचा एवढा भाग सगळीकडे सांगतात. पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. पुढे ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर ब्रूस मेंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच तारामासा तपासला. लाटा थेट आदळतात तिथे तो कळीचा ठरला. आडोशाच्या खडकांवर त्याला काढूनही फारसं बिघडलं नाही. जात तीच, किनाराही तोच, फक्त लाटांचा जोर वेगळा. म्हणजे ‘कळीची’ हा बिरुदासारखा एखाद्या प्राण्याला कायमचा चिकटवायचा गुण नव्हे. अमुक जागी, अमुक जातींच्या गोतावळ्यात तो ठरतो. म्हणून दुसऱ्या देशातली यादी उतरवून काढू नका. अलास्काकडचा समुद्री ऊद समुद्री साळिंदरं खातो म्हणून तिथली केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची, पाणरानं टिकतात, हे खरं. म्हणून आपल्या खाडीतला ऊदही कळीचाच, असं मला एका शिबिरात ठासून सांगण्यात आलं होतं. आपला ऊद मासे आणि कुर्ल्या खातो, आणि आपल्याकडे केल्पही नाही. तो महत्त्वाचा आहेच, पण तिकडची गोष्ट त्याच्या अंगावर चढवता येत नाही.

आता तुमची तीन नावं.

ऑलिव्ह रिडले कासविणी विणीपुरत्या किनाऱ्यावर येतात, अंडी घालून निघून जातात. अंड्यांवर आणि पिल्लांवर कोल्हे, कुत्री, खेकडे, घारी, मासे पोसतात हे खरं, पण आपल्या किनाऱ्यावरची घरटी विखुरलेली. ती बंद झाली म्हणून वाळूच्या पट्ट्यावरची बाकीची नाती उलटीपालटी होतील असं दिसत नाही. कासवाचं काम वेगळंच आहे. वेळासला २००२ पासून घरट्यांचं संरक्षण सुरू झालं आणि त्या एका प्राण्याच्या नावाने गावंच्या गावं किनारा राखायला उभी राहिली. अशा जातीला ध्वजजात म्हणतात. नोंदवहीत तिला त्याच नावाखाली मानाने बसवा.

बिबट्याबद्दल बागायतदारांचं म्हणणं असं असणार, की तो आहे म्हणून वानर-डुकरं आटोक्यात आहेत. थोडं तथ्य आहे. पण वस्तीजवळचा बिबट्या कुत्र्यांवर भरपूर जगतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती त्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. मोठा शिकारी म्हणजे आपोआप कळीची जात, हे पुढाऱ्याच्या गाडीवरून त्याचं वजन ठरवण्यासारखं झालं. पुरावा दाखवा, मग लिहू.

कांदळवन ही तर एक जातही नव्हे. तिवर, चिपी, कांदळ अशी अनेक झाडं मिळून ते उभं राहतं, आणि तिथे तीच संख्येने सर्वांत जास्त असतात. पॉल डेटन यांनी १९७२ मध्ये अशा जातींना पायाभूत जाती म्हटलं: ज्या स्वतःच घर होतात, अशा. मच्छीमारांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, फक्त रकाना वेगळा.

आता उंबर.

‘उंबर फोडून केंबरं उडवू नयेत’ म्हणतात. तुम्ही मात्र शाळेच्या पोरांना घेऊन फोडाच. एकाच झाडावरची वेगवेगळ्या वयाची उंबरं घ्या आणि ब्लेडने उभी चिरा. कोवळ्या, टणक उंबरात आत सगळीकडे बारीक फुलं दिसतील. आपण ज्याला फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोरा आहे, आणि त्याला एकच तोंड. तेही खवल्यांनी घट्ट मिटलेलं. त्या तोंडातून दोन-तीन मिलिमीटरची एक गांधीलमाशी घुसते. घुसताना तिचे पंख गळून पडतात, म्हणजे परतीचा मार्ग बंद. आत ती बरोबर आणलेले पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे त्या अंड्यांतून आधी बिनपंखांचे नर निघतात. ते मिलन उरकतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि संपतात. माद्या नव्याने उमललेल्या नरफुलांचे पराग घेऊन त्या भोकातून उडतात. हीच ती केंबरं. उंबराला ही माशी नसेल तर बी धरत नाही, आणि माशीला उंबर नसेल तर अंडी घालायला दुसरी जागा नाही. वड, पिंपळ, नांद्रुक, बोखाडा या साऱ्यांची अशीच कथा, आणि बहुधा प्रत्येकाची माशी वेगळी.

यात कळीचं काय? बाहेर आलेल्या मादीचं आयुष्य दिवस-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला तोंड उघडं असलेलं कोवळं उंबर सापडलं पाहिजे. परिसरातली सगळी उंबरं आंब्यासारखी एकाच मोसमात धरली असती, तर माशीचा वंश त्याच वर्षी बुडाला असता. म्हणून एक झाड पिकतं तेव्हा दुसरं कोवळं असतं, तिसरं रिकामं. माशीच्या या नडीपोटी आपोआप घडतं ते असं, की रानात बारा महिने कुठे ना कुठे उंबर पिकलेलं सापडतं.

वैशाखात याचं अप्रूप वाटणार नाही. करवंदं, जांभळं, रातांबे, आंबे, फणस. कोकणातलं रान तेव्हा लग्नघर असतं. खरी वाण पडते ती पावसाळ्यात आणि त्यानंतर थंडीत. तेव्हा फळांवर जगणाऱ्यांना हीच वड-उंबराची जात तारून नेते. पिकलेल्या झाडाखाली पहाटे जाऊन बसा. हरियालांचा थवा पानांत इतका बेमालूम बसलेला असतो की टपटप पडणाऱ्या उंबरांवरूनच तो कळतो. तांबट, बुलबुल, कोकीळ, राखी धनेश, नशीब असेल तर ककणेर. वर वानरं, आणि सड्याकडून घाटाच्या पायथ्याला गेलात तर शेकरूही. रात्री वटवाघळं आणि कांडेचोर. खाली पडलेलं भेकर, साळिंदर आणि डुकरं वेचतात. पऱ्यात पडलेलं मासे. (राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू, दोघंही या झाडांवर ताव मारणारे, आणि राज्यवृक्षाचा मान आंब्याला. असो.)

हे सगळे खाऊन जातात तसे येताना काही घेऊनही येतात. जांभूळ, रायआवळा, करवंद, आणखी कुठली कुठली बियाणी त्यांच्या पोटातून उंबराखाली पडतात. सड्यावर किंवा ओसाड पडलेल्या वरकस जमिनीत एकटं उंबर असेल तर त्याच्या सावलीत वाकून बघा. दहा पावलांवरच्या उघड्या जागेत नसतील इतक्या जातींची रोपं तिथे मिळतात. रान परत येतं ते बहुतेकदा अशा एखाद्या झाडाखालून. धनेशाचं तर विणीचं गणितच यावर चालतं. मादी जुन्या बेहड्याच्या किंवा आंब्याच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि नर फटीतून तिला व पिल्लांना भरवतो. आठवड्यांमागून आठवडे जवळपास फळ मिळालं पाहिजे, नाहीतर ढोलीतली सगळीच उपाशी.

शेकडो झाडांच्या रानात उंबरं किती? बोटांवर मोजण्याइतकी. थोडी झाडं, आधार प्रचंड. वर सांगितलेली कसोटी इथे लागू पडते. पेरूच्या रानांत जॉन टेरबॉर्ग यांनी १९८६ मध्ये वड-उंबराच्या कुळाबद्दल हेच मांडलं. मात्र १९८९ मध्ये गॅबॉनमधल्या अभ्यासकांनी सांगितलं, की आमच्या रानात ही झाडं फार विरळ आणि बेभरवशाची, इथे त्यांना कळीची म्हणता येणार नाही. तेव्हा मी म्हणतो म्हणून तुमच्या नोंदवहीत लिहू नका. कसं तपासायचं ते पुढे येतंच.

आपल्याकडे उंबर टिकलं ते दत्तामुळे आणि लाकूड इमारतीला निरुपयोगी म्हणून. पण काजूसाठी डोंगर साफ करणारा डोझर ना दत्त बघतो ना लाकडाची प्रत. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना जुने वड किती गेले ते तुम्ही येता-जाता पाहिलंच आहे. एक-दोन झाडं गेल्याने माशी लगेच संपत नाही, कारण वाऱ्यावर ती दूर जाते. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्याच एका भावंडाच्या माश्या १६० किलोमीटरपर्यंत पराग नेतात, असं दिसून आलंय. पण दोन पिकणाऱ्या झाडांमधला काळ लांबत गेला की माशीच्या आधी धनेश आणि हरियाल गाव सोडतात.

खाडीकडे वळू. ओहोटीला कांदळात शिरलात की चिखल बिळांनी चाळण झालेला दिसतो. आपण बाजारात विकतो ती कुर्ली यातली मोठी मंडळी. मी म्हणतो ते छोटे, पानं ओढून बिळात नेणारे आणि चिखल चाळून खाणारे खेकडे. भरतीचं पाणी त्या बिळांतून आत-बाहेर खेळतं आणि कुजक्या अंड्याचा वास येणाऱ्या काळ्या चिखलात प्राणवायू पोचतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये टॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी कांदळवनाच्या काही तुकड्यांतून हे खेकडे पकडून काढले आणि शेजारच्या तुकड्यांशी तुलना केली. बिळं बंद झाल्यावर चिखलात सल्फाइड आणि अमोनियम साठलं, आणि झाडांची वाढ मंदावली. हा अभ्यास १९९१ चा, आणि त्याच्या शीर्षकातच या खेकड्यांसाठी ‘कीस्टोन’ शब्द आहे. शिवाय हेच खेकडे झाडांवरून पडलेली रोपं खातात, तीही आवडनिवड करून. त्यामुळे उद्या कुठलं झाड कुठे वाढेल यातही त्यांचा हात असतो.

म्हणून लागवडीचे आकडे मला कोणी ऐकवले की मी आधी चिखलाकडे बघतो. बांध घालून भरतीचं पाणी तोडलेल्या खाजणात रोपं रांगेत उभी दिसतात, पण बिळं नसतात. अशा ठिकाणी आधी पाण्याची वाट मोकळी करा. खेकडे आपण होऊन येतात, त्यांना कोणी लावावं लागत नाही.

‘एक जात गेली तर सगळं कोसळतं का?’ बहुतेक जाती गेल्या तर सगळं कोसळत नाही. दुसरं कोणीतरी तिचं काम थोडंफार उचलतं, फरक वर्षानुवर्षं जाणवतही नाही. पण काही कामं दुसऱ्या कोणाला जमत नाहीत. आपल्याच देशातला दाखला गिधाडांचा. नव्वदीच्या दशकापर्यंत मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं काही तासांत हाडं उरवत. गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक टोचायला लागले, ते औषध मेलेल्या जनावरात राहिलं आणि खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. शंभर मृत जनावरांत एखाद्यातही औषध असलं तरी कळप संपायला पुरतं, इतकं ते जहाल. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मृत जनावरं पडून राहिली, त्यावर कुत्री वाढली, पाणी नासलं. अर्थशास्त्रज्ञांच्या एका अलीकडच्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या वर्षांत देशात सुमारे पाच लाख माणसं जादा दगावली. कोकणात रायगडच्या म्हसळ्याजवळ चिरगावला ही गिधाडं अजून झाडांवर घरटी करतात. तुमच्या गावात ती नसतील, तरी नोंदवहीत ‘पूर्वी होती’ असा रकाना ठेवा आणि गुरं राखलेल्या जुन्या माणसांना विचारून भरा. पशुवैद्य आले की कोणतं इंजेक्शन देतात तेही विचारा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं.

नात्यांबद्दल अजून एक. कोण मित्र आणि कोण शत्रू अशी वाटणी करायचा मोह आवरा. आंब्याची पानं शिवून घर करणारी ओंबील घ्या. काजूवरच्या ढेकण्याला ती पळवते, म्हणून बागायतदाराची मैत्रीण. तीच मुंगी पिठ्या ढेकणाचा गोड रस पिते आणि त्याची राखण करते, म्हणून वैरीण. आणि फळं उतरवायला चढलेल्या गड्याला विचाराल तर तो तिच्याबद्दल जे बोलेल ते नोंदवहीत लिहिता येणार नाही. मुंगी एकच आहे. कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, कोणासोबत, त्यावर नातं बदलतं. म्हणून नोंदवहीत ‘उपयुक्त’ आणि ‘उपद्रवी’ असे दोनच रकाने असतील, तर आधी ते खोडा.

आता तपासायचं कसं. पेनसारखी जात उपटून बघायची नाही, हे सांगायला नको. आपल्याला शेजारशेजारच्या जागांची तुलना पुरते. गावातली वड-उंबर-पिंपळ-नांद्रुकाची मोठी झाडं नकाशावर मांडा आणि दर महिन्याला एकदा प्रत्येकावर पिकलेलं फळ आहे की नाही एवढंच लिहा. वर्षभरात रिकामे महिने कोणते ते दिसेल. बाकीच्या रानफळांचंही तसंच लिहा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की उंबर वाण पडलेल्या दिवसांत खरंच धरतं का ते कळेल. नसेल धरत, तर माझं म्हणणं तुमच्या गावापुरतं खोडून टाका. झाडाखालची रोपं आणि तेवढ्याच मापाच्या उघड्या जागेतली रोपं मोजा. पोरं हे हौसेने करतात, आणि बियांवरून झाड ओळखणारी एखादी आजी वाडीत असतेच. खाडीत मीटरभराची चौकट टाकून बिळं मोजा: पाणी खेळतं तिथे आणि बांधाआड, दोन्हीकडे. चप्पल घालून जाऊ नका, चिखल ती ठेवून घेतो.

आणि तक्ता भरेपर्यंत वाट न बघता करायचं एक काम. तुमच्या वाडीत या हंगामात काजूसाठी कोणाचं रान साफ होणार असेल, तर डोझर येण्याआधी मालकाला घेऊन जा आणि उंबर, नांद्रुक आणि ढोली असलेले बेहडे यांना चुन्याचे पट्टे मारून ठेवा. एकरात एखाद-दुसरं झाड निघेल; काजूची दोन कलमं कमी लागतील. डोझरवाला तासावर पैसे घेतो, त्यामुळे चार झाडं वगळायची म्हटली तर तोही कुरकुरत नाही.